जॉर्ज वॉशिंग्टन नावाच्या शेतकऱ्याची वंशावळ काढताना

नदीकाठ

आमच्या घरापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर एका शेतकऱ्याचं शेत आहे. पोटोमॅक नदीच्या काठी उंचवट्यावर घर, खाली पाणी. शेतकऱ्याचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन. सेनापती आणि पहिला राष्ट्राध्यक्ष हे सगळं आपण शाळेत शिकलो. पण माउंट व्हर्ननला चार-पाच वेळा जाऊन आल्यावर मला तो आधी शेतकरीच वाटायला लागला. सुमारे ८ हजार एकर जमीन आणि पाच शेतं: मॅन्शन हाउस, रिव्हर फार्म, मडी होल, डोग रन आणि युनियन फार्म. तंबाखूनं जमीन खाल्ली म्हणून १७६० च्या दशकात त्यानं तंबाखू सोडून गहू धरला.

गेल्या उन्हाळ्यात आईबाबा आले होते. बाबांची अख्खी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. वॉशिंग्टननं डोग रन शेतावर सोळा कोनांचं दुमजली खळं बांधून घेतलं होतं, त्याची प्रतिकृती आता नदीजवळ उभी आहे. वरच्या मजल्यावर गव्हाच्या पेंढ्या पसरायच्या, त्यावरून घोडे गोल फिरवायचे, आणि फळ्यांच्या फटींतून दाणे खाली पडायचे. बाबा बराच वेळ फळ्यांमधली फट बोटाने मोजत होते. म्हणाले, "आपल्याकडे खळ्यात तिवडा रोवून बैल फिरवतात तेच हे. फक्त डोक्यावर छप्पर आहे, म्हणून पावसाची भीती नाही." आणि लगेच विचारलं, "घोडे हाकायला कोण असायचं?"

तिथून हा शोध सुरू झाला. त्याला आता वर्ष होऊन गेलं.

वॉशिंग्टनचं घराणं वर शोधत जाणं फारसं अवघड नाही, कारण आधीच्या लोकांनी ते काम करून ठेवलंय. पणजोबा जॉन वॉशिंग्टन १६५६-५७ च्या सुमारास इंग्लंडहून तंबाखूच्या जहाजावर व्हर्जिनियात आला. जहाज पोटोमॅकमध्ये गाळात रुतलं आणि जॉन इथेच राहिला. नॅथॅनिएल पोप नावाच्या जमीनदाराच्या मुलीशी, ॲनशी, लग्न झालं आणि सासऱ्याने ७०० एकर जमीन दिली. त्या काळी समुद्रापार आणलेल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर जमीन मिळायची रीत होती, त्यामुळे माणसं आणणं आणि जमीन वाढवणं हा एकच व्यवहार होता. १६७४ मध्ये जॉन आणि त्याचा भागीदार निकोलस स्पेन्सर यांच्या नावावर लिटल हंटिंग क्रीकजवळची ५ हजार एकर जमीन लागली. आजचं माउंट व्हर्नन त्याच जमिनीत आहे. जॉनचा मुलगा लॉरेन्स (१६५९–१६९८), त्याचा ऑगस्टीन (१६९४–१७४३), आणि ऑगस्टीनच्या दुसऱ्या बायकोचा, मेरी बॉलचा, थोरला मुलगा जॉर्ज.

ऑगस्टीन १७४३ मध्ये वारला तेव्हा जॉर्ज ११ वर्षांचा होता. वडिलांच्या मृत्युपत्रातून त्याच्या वाट्याला फेरी फार्म हे शेत आलं आणि १० माणसं आली.

हे वाक्य मी बाबांना मराठीत सांगितलं तेव्हा त्यांनी मला परत वाचायला लावलं. जमीन वारसाने येते, गुरं येतात, भांडीकुंडी येतात. माणसं त्याच यादीत, त्याच ओळीत. ११ वर्षांच्या मुलाच्या नावावर १० माणसं.

मग आम्ही दुसऱ्या टोकाचा कागद घेतला. जून १७९९. वॉशिंग्टन मृत्युपत्र करायच्या तयारीत होता, म्हणून त्याने स्वतःच्या हाताने पाचही शेतांवरच्या गुलामांची यादी केली. नाव, वय, शेरा. एक रकाना त्याच्या स्वतःच्या मालकीच्या माणसांचा, दुसरा बायकोच्या पहिल्या घरातून आलेल्यांचा. एकूण ३१७ माणसं: त्याची १२३, बायकोकडची १५३, आणि भाड्याने आणलेली ४१. शेऱ्यात कुणाचा नवरा कोण, बायको कोण आणि ती कोणत्या शेतावर राहते. मुलांची नावं आईच्या नावाखाली.

बाबा यादीवर बोट फिरवत म्हणाले, "हा आठ-अ चा उताराच आहे. फक्त ही वंशावळ आईकडून चाललीय. बापाचं नाव वर का नाही?"

कारण कायदा. व्हर्जिनियाच्या विधानसभेने डिसेंबर १६६२ मध्ये ठरवलं की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. त्याआधी एलिझाबेथ की नावाच्या स्त्रीने आपला बाप इंग्रज होता या आधारावर कोर्टात स्वातंत्र्य मिळवलं होतं. तो दरवाजा या कायद्याने बंद झाला. मालकाने किंवा मुकादमाने गुलाम बाईला मूल दिलं तरी ते मूल मालकाचीच मालमत्ता. म्हणून मालकाला आई माहीत असणं गरजेचं होतं. मालमत्ता कुणाची हे तिच्यावरून ठरायचं.

म्हणजे एकाच माणसाच्या कागदांतून दोन वंशावळी निघतात. एक बापाकडून वर जाते, थेट इंग्लंडपर्यंत. दुसरी आईकडून खाली येते आणि मालकाच्या हिशेबाच्या वहीबाहेर तिला अस्तित्वच नाही. पहिलीवर शेकडो पुस्तकं झाली. मला दुसरीबद्दल बोलायचंय, आणि इथे अभिलेखांवर काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढला.

---

पाऊलवाट

वाचतेय. एक शंका: "बायकोच्या पहिल्या घरातून आलेले" म्हणजे नक्की काय? नवऱ्याचेच झाले ना ते लग्नानंतर?

---

जुनं दप्तर

चांगला धागा, नदीकाठताई. वर जाणारी वंशावळ सोपी आहे असं तुम्ही म्हणालात, त्याला थोडी पुस्ती जोडतो. ती सोपी नव्हती, सोपी करून ठेवली गेली. त्यात शंभर वर्षं एक मोठी चूक नांदत होती, आणि वंशावळीच्या नादाला लागलेल्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी.

१७९१ च्या शेवटी इंग्लंडच्या राजदरबारातले कुलचिन्हांचे प्रमुख अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी वॉशिंग्टनला पत्र लिहून घराण्याची माहिती विचारली. वॉशिंग्टनने मे १७९२ मध्ये उत्तर दिलं. त्यात तो सरळ कबूल करतो की या विषयाकडे आपण फारच थोडं लक्ष दिलंय. तरी त्याने नातेवाइकांकडे चौकशी करून जेवढं जमलं तेवढं कळवलं. हर्ड यांनी नॉर्दॅम्प्टनशरमधल्या सलग्रेव्ह गावचं वॉशिंग्टन घराणं शोधलं. त्यात जॉन आणि लॉरेन्स असे दोन भाऊ सापडले. व्हर्जिनियात आलेले भाऊही जॉन आणि लॉरेन्स. जुळलं! वंशावळ तयार.

१८६६ मध्ये जोसेफ लेम्युएल चेस्टर या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिलं की हे जुळत नाही. सलग्रेव्हच्या घराण्यातला तो जॉन सरदारकी मिळालेला माणूस होता, आणि लॉरेन्स धर्मगुरू होता. दोघांचं पुढचं आयुष्य इंग्लंडच्याच कागदांत सापडतं. ते तंबाखूच्या जहाजावर येणं शक्य नव्हतं. नावं तीच, माणसं वेगळी.

मग १८८९ मध्ये हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स यांनी गाठ सोडवली. तो धर्मगुरू लॉरेन्स स्थलांतरित भाऊ नव्हताच, त्यांचा बाप होता. एसेक्समधल्या पर्ली गावचा धर्मगुरू, यादवी युद्धाच्या काळात १६४३ मध्ये पदावरून काढलेला. घर मोडलं, आणि मुलं समुद्रापार गेली. म्हणजे हर्ड यांचं घराणं बरोबर होतं, पिढी चुकली होती. एक पायरी वरखाली झाली की काय होतं बघा.

तारखेचाही एक सापळा आहे. घरच्या बायबलमध्ये जॉर्जचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१/३२, सकाळी दहाच्या सुमारास, असा लिहिलाय. आज तो २२ फेब्रुवारी १७३२ असा पाळतात. ब्रिटनने आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये पंचांग बदललं, ११ दिवस गाळले आणि नव्या वर्षाची सुरुवात २५ मार्चऐवजी १ जानेवारीला आणली. त्याआधीच्या कागदांत जानेवारी ते मार्चमधली तारीख दिसली की कुठलं साल हे दोनदा तपासा.

आणि बघा, हे सगळं शक्य झालं ते चर्चच्या नोंदी, मृत्युपत्रं आणि विद्यापीठाची दप्तरं होती म्हणून. दुसऱ्या वंशावळीला यातलं काहीच नाही. म्हणून १७९९ ची ती यादी इतकी मोलाची.

---

नदीकाठ

जुनं दप्तर, मनापासून आभार. नावांच्या सापळ्यात मीही अडकले होते. या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लॉरेन्स, जॉन आणि ऑगस्टीन फिरत राहतात. जॉर्जचे आजोबा लॉरेन्स, सावत्र थोरला भाऊ लॉरेन्स, आणि पणजोबाचा भाऊही लॉरेन्स. मी दोन लॉरेन्सची मृत्युपत्रं एका माणसाच्या नावावर लावली होती, आणि त्यावर महिनाभर पुढचं काम केलं. सगळं परत उकरावं लागलं.

पाऊलवाट, तुझा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. मार्था वॉशिंग्टनचं पहिलं लग्न डॅनिएल पार्क कस्टिस या फार मोठ्या जमीनदाराशी झालं होतं. तो १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. अशा वेळी कायद्याप्रमाणे विधवेला मालमत्तेचा तिसरा हिस्सा मिळायचा, पण तो फक्त हयातीपुरता. उपभोग घ्यायचा, विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. ती गेली की सगळं पहिल्या नवऱ्याच्या वारसांकडे परत. मार्थाच्या या हिश्शात ८४ माणसं होती. जानेवारी १७५९ मध्ये तिने जॉर्जशी लग्न केलं. काम त्यांच्याकडून तो करून घेऊ शकत होता, मुक्त करू शकत नव्हता. पुढे त्यांच्या मुलाबाळांनी ८४ चे १५३ झाले, आणि तेही त्याच हिश्शात मोजले गेले, कारण मूल आईच्या खात्यावर.

बाबांनी हे एका वाक्यात समजून घेतलं: सातबाऱ्यावर नाव एकाचं, आणि इतर हक्कांत दुसऱ्याच घराण्याचा बोजा.

आता हे दोन रकाने माणसांवर उतरले की काय होतं? यादीत आयझॅक नावाचा सुतार आहे, मॅन्शन हाउस शेतावर. तो वॉशिंग्टनच्या मालकीचा. त्याची बायको किटी दुधाचं काम करणारी, ती कस्टिस घराण्याच्या हिश्शातली. दोघांना नऊ मुली.

वॉशिंग्टनने ९ जुलै १७९९ च्या मृत्युपत्रात लिहिलं की आपल्या मालकीच्या गुलामांना मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त करावं, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना शेवटपर्यंत सांभाळावं, आणि अनाथ मुलांना लिहायला-वाचायला शिकवावं. तो १४ डिसेंबर १७९९ ला गेला. मार्थाने स्वतःच्या मृत्यूपर्यंत न थांबता १ जानेवारी १८०१ पासून त्यांना मोकळं केलं. आयझॅक मोकळा झाला. किटी आणि नऊ मुली झाल्या नाहीत. २२ मे १८०२ ला मार्था वारली, आणि हिश्शातली माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली, वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या गावांत.

"वॉशिंग्टनने आपले गुलाम मुक्त केले" हे वाक्य खरं आहे. पण ते किटीच्या घरात बसून वाचलं पाहिजे.

---

खारा वारा

ताई, लिखाण आवडलं. पण एक वाटतं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या फुटपट्टीने मोजायचं का? तो काळच तसा होता. सगळेच ठेवत होते. उलट त्याने शेवटी का होईना सोडलं तरी.

---

जुनं दप्तर

खारा वारा, "सगळेच" इथे अडतं. वॉशिंग्टन ज्या वेस्टमोरलँड काउंटीत जन्मला, तिथेच नॉमिनी हॉलमध्ये रॉबर्ट कार्टर राहायचा, वॉशिंग्टनपेक्षा श्रीमंत. त्याने १७९१ मध्ये, जिवंतपणी, कोर्टात दस्त दाखल करून टप्प्याटप्प्याने साडेचारशेहून अधिक माणसं मुक्त करायला घेतली. शेजारीपाजारी चिडले, तरी त्याने केलं. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्येच हळूहळू गुलामी संपवणारा कायदा केला होता. काळात दोन्ही मतं होती, आणि वॉशिंग्टनला दोन्ही ठाऊक होती.

त्याच कायद्याची गोष्ट. पेनसिल्व्हेनियातलं फिलाडेल्फिया देशाची राजधानी असताना वॉशिंग्टन तिथे राहायचा. कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने सलग तिथे राहिला तर तो मुक्तीचा दावा करू शकायचा. म्हणून सहा महिने भरायच्या आत माणसांना राज्याबाहेर नेऊन परत आणायची व्यवस्था झाली. १७९१ मध्ये त्याने सचिव टोबायस लिअरला लिहिलं की हे अशा निमित्ताने करा की त्या माणसांना आणि लोकांनाही कळू नये. काळ तसाच असता तर लपवायचं काय कारण?

---

नदीकाठ

खारा वारा, तुमच्या प्रश्नाचा राग नाही. बाबांनीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं. मी त्यांना उत्तर दिलं नाही, एक पत्र वाचून दाखवलं.

२ जुलै १७६६. वॉशिंग्टन वेस्ट इंडीजला निघालेल्या एका जहाजाच्या कप्तानाला लिहितोय. सोबत टॉम नावाचा माणूस पाठवतोय, तो विका. टॉम पळून जायचा, म्हणून ही शिक्षा. तिथल्या उसाच्या मळ्यांवर माणसं कशी मरत हे सगळ्यांना माहीत होतं. पत्रात तो टॉमची तारीफही करतो: निरोगी आहे, बळकट आहे, कुदळीच्या कामात चांगला आहे, म्हणजे भाव चांगला येईल. आणि सांगतो की समुद्रात जाईपर्यंत बेड्या घालून ठेवा. मग टॉमच्या बदल्यात काय आणायचं त्याची यादी आहे. उत्तम काकवीचं एक मोठं पिंप. उत्तम रमचं एक. चांगली आणि स्वस्त असतील तर लिंबांचं एक पिंप. साधारण १० पौंड चिंचेचं एक मडकं. मिठाईची दोन छोटी मडकी. उरलेल्या पैशांची जुनी दारू.

मी "टॅमरिंड" वाचलं तेव्हा आई स्वयंपाकघरात आमटीसाठी चिंच कोळत होती. तिने विचारलं, "चिंच? आपली चिंच?" हो, आपलीच. आई हात तसाच वाटीत ठेवून उभी राहिली. "एका माणसाची चिंच," एवढंच म्हणाली.

वॉशिंग्टन किती चांगला किंवा वाईट, हे ठरवायला मी बसलेली नाही. टॉमचं नाव त्या एका पत्रात आहे म्हणून आपल्याला कळतं. त्याची आई कोण, बायको होती का, मुलं मागे राहिली का? वंशावळ काढणारीला हेच प्रश्न पडतात, आणि ते प्रश्न फुटपट्टीचे नाहीत.

---

खारा वारा

हे पत्र मला माहीत नव्हतं. वाचून गप्प झालो. शब्द मागे घेतो असं नाही, पण "सगळेच" हा शब्द मागे घेतो.

---

रानजाई

मी अटलांटाला असते. आमच्या वाचनालयात दर महिन्याला कौटुंबिक इतिहासाचा एक वर्ग भरतो, तिथे मी मदतीला जाते. येणारे निम्म्याहून जास्त काळे ज्येष्ठ नागरिक असतात. त्यांच्याकडून शिकलेलं थोडं लिहिते, कारण "दुसरी वंशावळ" वरून खाली नाही, खालून वर काढावी लागते.

खालून वर जाताना सगळ्यांना एक भिंत लागते: १८७०. त्या वर्षीच्या खानेसुमारीत पहिल्यांदा मुक्त झालेल्या सगळ्या काळ्या माणसांची नावं, आडनावं, वयं, घरातली माणसं असं लिहिलं गेलं. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांचे वेगळे तक्ते आहेत. त्यात मालकाचं नाव असतं, आणि खाली वय, स्त्री की पुरुष, रंग. नाव नाही. "स्त्री, ३४, काळी. मुलगा, ९, काळा." एवढंच. एका आजींनी तसा तक्ता पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्या ओळींवरून हात फिरवत बसल्या होत्या. त्यांच्या खापरपणजीचं वय जुळत होतं, पण तीच का, हे कसं सांगणार?

म्हणून त्यांना मालकाच्या घराण्याची वंशावळ काढावी लागते. मालक कोण, तो कधी मेला, मृत्युपत्र कुठल्या कोर्टात, वाटणीत कोण कुणाच्या वाट्याला गेलं, मालकाच्या मुलीचं लग्न झालं तर आंदण म्हणून कोण तिच्याबरोबर गेलं. जे लोक आपल्या पणजीला विकत होते, त्यांचीच मृत्युपत्रं, जमिनीचे दस्त, कर्जाचे गहाणखत चाळायचे. माणसं गहाण ठेवत, त्यामुळे गहाणखतातही नावं सापडतात.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर १८६५ ते १८७२ मध्ये मुक्त झालेल्यांसाठी एक सरकारी खातं होतं. त्याच्या दप्तरांत लग्नांच्या नोंदी, मजुरीचे करार, हरवलेल्या नातेवाइकांच्या चौकशा आहेत. व्हर्जिनियात तर १७९३ पासून मुक्त काळ्या माणसाला काउंटीच्या कोर्टात नोंद करून दाखला बाळगावा लागायचा. त्या नोंदीत उंची, रंग, अंगावरचे व्रण, आणि कुणाच्या मृत्युपत्राने सुटका झाली हे लिहिलेलं असतं. छळासाठी केलेली नोंद आज वंशजांना पणजोबाच्या चेहऱ्याजवळ नेते.

आणि आडनावावर विसंबू नका. सगळ्यांनी शेवटच्या मालकाचं आडनाव घेतलं असं मुळीच नाही. कुणी आधीच्या मालकाचं घेतलं, कुणी बापाचं, कुणी स्वतः निवडलं.

नदीकाठताई, तुम्ही काढताय ती यादी नुसती माहिती म्हणून ठेवू नका. ज्यांना वरून खाली येणारा दुवा सापडत नाही, त्यांच्यासाठी ती १८७० च्या भिंतीतली खिडकी आहे.

---

टिपणवही

+१ रानजाई. वाचनखूण साठवली.

---

पाऊलवाट

डीएनए चाचणीने नाही का कळत? आणि वॉशिंग्टनची एक काळी शाखा आहे असंही कुठेतरी वाचलं होतं.

---

जुनं दप्तर

पाऊलवाट, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेस्ट फोर्ड नावाचा माणूस १७८४ च्या सुमारास बुशफील्ड इथे जन्मला. ते शेत जॉर्जच्या धाकट्या भावाचं, जॉन ऑगस्टीनचं. आई व्हीनस, गुलाम. फोर्डच्या वंशजांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की बाप जॉर्ज. माउंट व्हर्ननचे अभ्यासक ते मान्य करत नाहीत. कागद इतकं सांगतात: फोर्ड मुक्त झाला, त्याला लिहिता-वाचता यायचं, आणि माउंट व्हर्ननचा पुढचा मालक बुशरॉड १८२९ मध्ये वारला तेव्हा त्याने मृत्युपत्रात फोर्डला १६० एकर जमीन ठेवली. फोर्डने ती विकून १८३३ मध्ये २१४ एकर घेतली. तिथून गम स्प्रिंग्ज ही मुक्त काळ्या लोकांची वस्ती उभी राहिली, आणि ती आजही आहे.

जॉर्जला अपत्य नव्हतं, त्यामुळे त्याच्याशी थेट तुलना करायला वंशजच नाही. बापाकडून मुलाकडे जाणारा धागा भावांच्या वंशातून शोधावा लागतो. २०२४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या हेअरवुड दफनभूमीतल्या अवशेषांवरून आणि सॅम्युएल या भावाच्या वंशजावरून तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पण समजा उद्या कुणाशी जुळलंच, तरी एवढंच कळेल की बाप त्या घराण्यातला होता. कोणता भाऊ की पुतण्या, हे नाही. शेवटी कागदाकडेच यावं लागतं.

जिथे शंका उरलेली नाही ती शाखा कस्टिसची. मार्थाचा नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस माउंट व्हर्ननहून माणसं घेऊन आर्लिंग्टन या आपल्या इस्टेटीवर गेला. त्याला एरियाना कार्टर या गुलाम स्त्रीपासून मुलगी झाली, मरायाह. तिचं लग्न चार्ल्स सायफॅक्सशी झालं. कस्टिसने तिला १७ एकर जमीन दिली होती, पण कागद नव्हता. यादवी युद्धात इस्टेट सरकारजमा झाली. मग १८६६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने खास कायदा करून ती १७ एकर तिच्या नावावर केली. तोंडी दिलेली जमीन संसदेकडून नावावर चढवून घेणारी ही बाई मला फार मोठी वाटते.

---

रानजाई

गम स्प्रिंग्जला जाऊन या, ताई. तुमच्याजवळच आहे ना?

---

नदीकाठ

रानजाई, त्याच रस्त्याने आम्ही रोज जातो, रूट वनने. इतकी वर्षं पाटी वाचत होते आणि कधी आत वळले नव्हते. आता वळते.

बाबा परत जायच्या आधीच्या रविवारी आम्ही पुन्हा माउंट व्हर्ननला गेलो. वॉशिंग्टनच्या समाधीपासून थोडं खाली झाडीत गुलामांची दफनभूमी आहे. १९२९ मध्ये तिथे एक दगड बसवला. त्यावर "विश्वासू काळे सेवक" असं लिहिलंय, गुलाम हा शब्द नाही. १९८३ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या आराखड्यावरून नवं स्मारक झालं. कबरींवर नावं नव्हतीच. २०१४ पासून पुरातत्त्वाचे लोक वरची माती हलकेच खरवडून खड्ड्यांच्या कडा मोजताहेत, कबरी न उकरता. बाबांनी चप्पल काढली आणि कडेने चालले.

घरी आल्यावर त्यांनी वही मागितली. आपल्या घरच्या वंशावळीला करतात तसा तक्ता आखला. पण सगळ्यात वर बाईचं नाव. आम्ही बेट्टीला घेतलं, कारण तिच्याबद्दलचे धागे त्यातल्या त्यात लांब जातात.

बेट्टी कस्टिस घराण्यातली शिवणकाम करणारी. १७५९ मध्ये मार्थाबरोबर माउंट व्हर्ननला आली, कडेवर तान्हा मुलगा, ऑस्टिन. त्याच्या शेजारी बाबांनी ओना लिहिलं. ओनाचा बाप अँड्र्यू जज, इंग्लंडहून कराराने आलेला शिंपी. ओना मार्थाची खास दासी झाली, सुई-दोऱ्यात आईसारखीच तरबेज. मार्था तिला नातीच्या, एलायझाच्या, लग्नात भेट देणार हे तिला कळलं. २१ मे १७९६ ला वॉशिंग्टन पतिपत्नी जेवायला बसलेले असताना ती फिलाडेल्फियाच्या घरातून निघून गेली. वर्तमानपत्रात १० डॉलरच्या बक्षिसाची जाहिरात आली. ती न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्‌स्मथला पोहोचली, जॅक स्टेन्स या खलाशाशी लग्न केलं. वॉशिंग्टनने तिला परत आणायला माणसं पाठवली, ती गेली नाही. म्हातारपणी एका मुलाखतीत विचारलं, इतकी गरिबी भोगलीस, पस्तावा होतो का? नाही म्हणाली, मी स्वतंत्र आहे. २५ फेब्रुवारी १८४८ ला वारली. तिच्या मुली तिच्या आधीच गेल्या होत्या. कायद्याने ती शेवटपर्यंत कस्टिसच्या वारसांची मालमत्ता होती, कारण आई बेट्टी.

ओनाच्या नावाखाली बाबांनी आडवी रेघ मारली, म्हणजे पुढचा वंश माहीत नाही. मग विचारलं, "आणखी कोण?"

डेल्फी. ओनाची बहीण. ओना निसटली, आणि एलायझाच्या वाट्याला डेल्फी गेली. एकीच्या सुटकेची किंमत दुसरीने दिली असं मला वाटायचं आणि तिथे माझं काम थांबलं होतं. बाबा म्हणाले, थांबू नको, वारस नोंद पूर्ण कर. म्हणून शोधलं. डेल्फीने वॉशिंग्टन शहरात विल्यम कॉस्टिन या माणसाशी लग्न केलं, आणि १८०७ मध्ये तिला मुक्ती मिळाली. कॉस्टिन बँकेत निरोप्या होता. १८२१ मध्ये शहराने मुक्त काळ्या लोकांवर जामीन भरायची सक्ती केली, तेव्हा त्याने त्याविरुद्ध कोर्टात दावा लावला. त्यांची मुलगी लुईसा पार्क कॉस्टिन. तिने १८२३ मध्ये, विशीही पार केली नसताना, कॅपिटॉल हिलवर वडिलांच्या घरात काळ्या मुलांची शाळा काढली. ती १८३१ मध्ये वारली, मग धाकटी बहीण मार्था ती शाळा चालवू लागली.

बाबांची वही इथे माझ्यापुढे आहे. बेट्टी, तिच्याखाली ऑस्टिन, ओना, डेल्फी. डेल्फीच्या खाली लुईसा आणि मार्था. ऑस्टिनच्या खाली जागा मोकळी सोडलीय. त्याच्या बायकोचं नाव शार्लट आणि दोघांना मुलं होती, इतकं मला मिळालंय. तो १७९४ मध्ये प्रवासात घोड्यावरून पडून वारला. मुलं १८०२ च्या वाटणीत कुणाकडे गेली ते पुढच्या आठवड्यात फेअरफॅक्सच्या कोर्टात बसून बघणार आहे. रानजाई, त्या नोंदींत गुलामांची नावं कुठल्या मथळ्याखाली शोधायची, ते सांगून ठेवा.

---

रानजाई

आधी वाटणीच्या याद्या, मग नातवंडांची मृत्युपत्रं आणि त्यांच्या इस्टेटींच्या मोजदादी. मुलांची वयं आणि आईचं नाव, शार्लट, कागदावर लिहून घेऊन जा. आईच्या नावानेच सापडतील.